हंगामी कप्पा

बायकोला हे माहीत नाही. पोरांना तर नाहीच नाही. एकदा सख्ख्या भावाजवळ, आमच्या गावी, बोरीच्या शेतात धुऱ्यावर बसून, सांगायला तोंड उघडलं होतं — आणि उघडलेल्या तोंडात हुरडा कोंबून गप बसलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आजही नसतं सांगितलं. एवढा काही मी शूर झालेलो नाही, वय झालंय इतकंच.

मी शेंडगे. आमचं घर मेंढरंवाल्यांचं. बाप, चुलते, सगळे मेंढरांमागं फिरले. खुर्चीवर बसून पगार घेणारा आमच्या भावकीत मी पहिला. हे आत्ताच सांगून टाकतो — मागनं सांगितलं तर तुम्हाला वाटेल, गडी आता गरिबीचं रडगाणं गाऊन सुटायला बघतोय. तसं नाही. ज्यानं स्वतः दारात उभं राहायचा अपमान सोसलाय, त्यानं तरी दुसऱ्यावर तो आणू नये. आणला मी. त्यामुळं गरिबी माझ्या बाजूनं बोलत नाही, उलट्या बाजूनंच बोलते.

तर — ऑफिस. परभणीतलं एक सरकारी ऑफिस. कुठलं ते विचारू नका, नाव घेऊन काय करायचंय? नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं. आमच्याकडं कॉम्प्युटर आला. एक मोठं मशीन आणि त्याला वायरींनी जोडलेले चार पडदे. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, पाणी मशीनवर उडालं म्हणून साहेब पुजाऱ्यावरच खेकसले. त्या खोलीत एसी लागला. मे महिन्यात ज्याला त्याला त्याच खोलीत काम निघायचं. मशीन तापू नये म्हणून एसी, आणि मशीनच्या नावावर आमचं अंग गार! मला तीन आठवड्यांच्या तालमीला पुण्याला पाठवलं होतं, म्हणून मी झालो कॉम्प्युटरवाला. मशीनच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडं. लोक मला 'शेंडगे' म्हणायचे ते 'शेंडगे सर' म्हणायला लागले. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला सांगू?

आता खरी सुरुवात. म्हणजे पापाची सुरुवात इथं आहे की पुढं — हे मला अजून ठरवता येत नाही. पण आधी हे ऐका.

पहिल्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या स्टाफला गोळा केलं आणि मला म्हणाले, मशीनच्या पोटात काय काय आहे ते समजावून सांगा. मी फळ्यावर कप्पे काढले. मशीनमध्ये कागद ठेवायचे कप्पे असतात, कपाटात असतात तसे. हा आमच्या ऑपरेटर भास्कररावांचा कप्पा, हा माझा, हा छपाईचा — आणि शेवटी एक कप्पा, त्याचं नाव 'टेम्पररी'. साहेबांनी चष्मा वर केला. म्हणाले, "टेम्पररी म्हणजे हंगामी. बरोबर आहे. हंगामी लोकांचं काम यात ठेवायचं. मशीन बनवणाऱ्यानं डोकं लावलेलं दिसतंय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर 'वा' म्हटलं.

मला माहीत होतं की हे साफ चूक आहे. तालमीत आम्हाला घोकून घोकून सांगितलं होतं. स्वयंपाक करताना बाई चिरलेली भाजी, भिजवलेली डाळ ओट्यावर ठेवते ना? तसा तो कप्पा. मशीनला यादी लावायची असली की ते आपलं अर्धं-कच्चं काम तिथं मांडतं. काम झालं की ओटा पुसायचा. कुणी ना कुणी तो पुसतंच. ओट्यावर कुणी दागिने ठेवत नाही. टेपवर आम्ही आठवड्याला सगळ्याची नक्कल घ्यायचो — पण या कप्प्याची नक्कल कधी घेत नसतात. शिळ्या भाजीची कशाला कुणी नक्कल घेईल?

एवढं सगळं माहीत असून मी काय म्हणालो? "हो साहेब." झालं. चार लोकांत साहेबांना खोटं पाडायचं — कुणाच्यानं होतं? नंतर केबिनमध्ये जाऊन हळूच सांगू, असं ठरवलं. ती केबिनमध्ये जाण्याची वेळ काही आली नाही.

आणि आमच्या खोलीत हंगामी माणूस होतं तरी किती? एक. खंदारेबाई. रत्नमाला खंदारे. पाथरीकडच्या एका खेड्यातून रोज पहिल्या एसटीनं यायची. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा, मराठी-इंग्रजी, पहिल्या झटक्यात पास. चौघांत खरं काम येणारी ती एकटी — हे मी आज म्हणतोय, तेव्हा मनात म्हणत होतो. बोलणं कमी, पण चूक दिसली की गप बसायची नाही. फॉर्मवर कुणी 'वालुर' लिहिलं असलं की ती पहिला उकार खोडून दुसरा द्यायची आणि पुटपुटायची, "गावाचं नाव तरी धड लिव्हा की!" एकदा मला लांबून हाक मारून विचारते, "सर, बोरी दोन हायत का हो जिल्ह्यात?" मी म्हटलं, एकच हाय बाई, ती पुरं हाय. त्या दिवशी हसली होती. मला तिचं ते हसणं लय लख्ख आठवतंय, नको असताना.

तिला काम दिलं होतं हातपंपांच्या यादीचं. गावोगाव कुठला हातपंप चालू, कुठला मोडका, कुठल्या बोअरचं पाणी आटलं — तीन तालुक्यांचे फॉर्म पोत्यांत भरून आले होते. साहेब तिला म्हणाले, यादी मुदतीत पुरी करा, कायमची एक जागा मंजूर झालीय, तुमचं नाव मी वर पाठवतो. कायम! तुम्ही कधी हंगामी राहिला नसाल तर तुम्हाला त्या शब्दाची गोडी कळायची नाही. तिच्या घरात ती एकटी कमावती, आई अंथरूण धरून. ती पोरगी त्या फॉर्मांवर अशी तुटून पडली की विचारू नका. डबा खाताना डाव्या हातानं फॉर्म उलटायची. दिवाळीआधी पाथरी संपवला, मग सेलू. जिंतूर तेवढा चालू होता.

आणि हे सगळं काम — महिनोन्‌महिन्यांचं — कुठं ठेवलेलं? ओट्यावर. हंगामी माणसाचं काम हंगामी कप्प्यात.

आता आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिला हुकूम मिळायचा एकोणतीस दिवसांचा. तिसाव्या दिवशी खंड. म्हणजे त्या दिवशी तिनं यायचं नाही, सही करायची नाही, आणि एकतिसाव्या दिवशी नवा हुकूम घेऊन नव्यानं रुजू व्हायचं. सलग नोकरी झाली असं तिला कधी म्हणता येऊ नये म्हणून हा खंड. साहेब तर पुढचं बघणारे. म्हणाले, खंडाच्या दिवशी तिचं नाव मशीनमध्येसुद्धा नको, उद्या कोर्टात गेली तर मशीनच साक्ष द्यायचं. म्हणून दर महिन्याला मी तिचं नाव मशीनमधून काढायचो आणि ती आली की परत घालायचो.

गंमत अशी की मशीन माणसाला नावानं ओळखत नाही. नंबरानं ओळखतं. नाव तेच घातलं आणि नंबर दुसरा पडला, तर मशीनच्या लेखी तो माणूसच दुसरा. म्हणून मी तिचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. दर वेळी चिठ्ठी बघून तोच नंबर द्यायचो. एवढी काळजी घ्यायचो — हेही सांगतोच. म्हणजे मला येत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

मग चौऱ्याण्णवचा जानेवारी उजाडला. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. त्या दिवसांत मराठवाड्यात जे होते त्यांना मी काय सांगू? आणि जे नव्हते त्यांना कसं सांगू? बाजार निम्मा बंद. एसट्या कधी सुटायच्या, कधी नाही. स्टेशन रस्त्यावर पोलिसांची गाडी दिवसभर फिरायची. ऑफिसात लोक हळू आवाजात बोलायचे आणि कुणी आत आलं की एकदम पंख्याकडं बघायचे. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतरावरनं दंगली झाल्या, मी शिकायला होतो. तेव्हा काय काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, आणि कुणी तोंडानं काढत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस कोण, कुणाचा, हे वर्षानुवर्षं माहीत असलेलं पुन्हा नव्यानं मोजलं जात होतं. मीही मोजत होतो.

खंदारेबाईचा खंड नेमका त्याच आठवड्यात आला. एक दिवसाचा खंड, पण एसटीच नाही तर ती येणार कशानं? सहाव्या दिवशी आली. नवा हुकूम हातात, डोळे सुजलेले — प्रवासानं की कशानं, मी विचारलं नाही. मी घाईघाईत तिचं नाव मशीनमध्ये घातलं. चिठ्ठी काढली नाही. मशीननं आपणहून पुढचा नंबर दिला, मी तो बघितलाही नाही. माझं ध्यान खिडकीबाहेरच्या गलक्याकडं होतं.

तिनं पडदा चालू केला, यादी उघडायला गेली आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली — परवानगी नाही. पुन्हा केलं. परवानगी नाही. आता घोडं पेंड कुठं खात होतं ते तुम्हाला कळलं असेल. कप्प्यातली यादी जुन्या नंबराची, बाई नव्या नंबराची. तिचंच काम, तिनंच टाईप केलेलं — आणि तिलाच हात लावायची बंदी.

भास्करराव शेजारच्या पडद्यावर होते. कायमचे ऑपरेटर, माणूस तसा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "काय बाई, विद्यापीठाला नाव भेटलं, आन्‌ आता मशीन परवानगी देईना व्हय?"

सगळे हसले.

मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. हसलो नसतो तर काय झालं असतं? काही नाही. कुणी माझी मान कापणार नव्हतं. तरी हसलो, कारण त्या खोलीत न हसणं म्हणजे एक बाजू घेणं होतं. तिनं मान वर केली नाही. कळफलकावर बोटं तशीच ठेवून बसून राहिली.

मी उठून माझ्या पडद्यावर बसलो. दोन वाटा होत्या. सरळ वाट अशी — त्या कप्प्यातलं एकेक बाड उघडायचं, तिला जवळ बसवून विचारायचं, हे तुमचं का, हे तुमचं का, आणि जे तिचं ते नव्या नंबरावर चढवायचं. बाडांची नावं मशीननंच ठेवलेली, नुसते आकडे. तिच्याशिवाय कुणाला ओळखू आली नसती. तासाभराचं काम. तासभर त्या बाईशेजारी खुर्ची लावून बसायचं. त्या दिवशी. त्या खोलीत. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

दुसरी वाट अर्ध्या मिनिटाची. कप्पाच सगळ्यांना मोकळा करून टाकायचा. मशीनला त्यासाठी आकडे सांगावे लागतात — सात सात सात. पण त्याच्या आधी एक 'एक' असतो. तो 'एक' फार मोलाचा. तो असला की कप्प्यात कुणीही ठेवावं, पण उचलावं आपापलंच. दुसऱ्याचं पुसता येत नाही. तालमीतले मास्तर म्हणायचे, सात विसरलात तरी चालेल, एक विसरू नका.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलोय की गडबडीत तो 'एक' राहून गेला. विसरलो. माणूस विसरतो की नाही? — पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी विसरलो नव्हतो. आधी 'एक' लावूनच बघितला होता. मशीन तिला परत 'परवानगी नाही' म्हणालं, कारण ती बाडं अजून दुसऱ्या नंबराची होती. मग मी 'एक' काढला. नुसते तीन सात. कप्प्याला ना दार ना कडी. तिकडनं तिचा आवाज आला, "झालं सर, चालू झालं." मी म्हटलं, ठीक. संध्याकाळी सगळे गेले की परत बघू, असं मनाशी म्हणालो. संध्याकाळी पाचला सगळ्यांच्या आधी मीच सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी आठवलं नाही का? आठवलं. तिसऱ्या दिवशी? तेव्हाही. प्रत्येक दिवशी आठवलं आणि प्रत्येक दिवशी वाटलं, चालतंय ना, मग कशाला हात लावा.

भास्कररावांची सवय होती, दर शनिवारी हंगामी कप्प्यात झाडू मारायचा. तसं मीच त्यांना शिकवलं होतं. 'सगळं पुसा' म्हणून हुकूम द्यायचा. मशीन त्यांचं तेवढं पुसायचं आणि बाकीच्यांच्या बाडांवर 'परवानगी नाही' म्हणून अडवायचं. त्या शनिवारीही त्यांनी हुकूम दिला, आणि चहाला गेले. मशीननं काही अडवलं नाही. अडवणारा 'एक' मी काढून ठेवलेला होता.

सोमवारी ती आली. पडदा चालू केला. मी माझ्या टेबलावर होतो, पाठमोरा. मागनं "सर" असं आलं. थोडं थांबून परत, "सर." मला वळायच्या आधीच कळलं होतं. मी उठून तिच्या पडद्यापाशी गेलो. पाथरी, सेलू, जिंतूर — काही काही नाही. कप्पा धुतल्यासारखा. टेपवर नक्कल नाही. फॉर्मांची पोती गोदामात गेलेली, त्यातली किती उंदरांनी खाल्ली होती ते नंतर कळलं. आणि यादी पाठवायची मुदत चार दिवसांवर.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "कुणी पुसलं?"

इथं सांगायचं होतं. सांगायला किती शब्द लागले असते हो? भास्कररावांनी पुसलं, पण त्यांचा दोष नाही, कप्पा मी उघडा ठेवला. आणि तुमचा नियम चूक होता साहेब, आणि मला पहिल्या दिवसापासून ते माहीत होतं. एवढंच. पण एक धागा ओढला की सगळी गोधडीच उसवणार होती. सगळ्या धाग्यांची गाठ माझ्यापाशी.

मी म्हटलं, मशीन ती नोंद ठेवत नाही साहेब. हे खरं होतं. मग त्यांनी विचारलं, तिच्याच हातनं होऊ शकतं का? मी म्हटलं, "होऊ शकतं." हेही खरंच होतं, नाही का? होऊ तर काहीही शकतं.

मला लेखी खुलासा द्यायला सांगितला. तो मी स्वतः टाईप केला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर यादी संबंधित हंगामी ऑपरेटर यांच्या हाताळणीत नष्ट झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' ते वाक्य सुचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हो, बरं वाटलं! खोटं बोललो असं कुणी म्हणू शकत नव्हतं. नाकारता येत नाही म्हटलंय, केलं म्हटलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, आणि तेही शुद्ध सरकारी भाषेत. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, छान लिहिता तुम्ही.

ऑफिसात मग बोलणी सुरू झाली. रागानं पुसलं असेल बाईनं. कशाचा राग? ज्याला जो पाहिजे तो त्यानं घालून घ्यावा, दिवसच तसे होते. कुणी म्हणालं, पुसलं कुठलं, केलंच नव्हतं काम, एवढे दिवस नुसती टकटक करत होती. साहेबांना हे पटायला लागलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं. मी ते सगळं ऐकत होतो.

इथपर्यंतचं पण, खरं सांगू, मी कधीतरी कुणाला तरी सांगितलं असतं. दारूच्या बैठकीत म्हणा, निवृत्तीच्या भाषणात म्हणा — चूक झाली, घाबरलो, असं म्हणता येतं. लोक पाठीवर हात ठेवतात. पुढचं मात्र सांगता येत नाही. मी एवढा वेळ घिरट्या घालतोय त्या ह्याच्यासाठी.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडं आली. पिशवीतनं एक दोनशेपानी वही काढली. मी उघडून बघितलं. पहिल्या दिवसापासूनची रोजची नोंद. तारीख, गाव, कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत फॉर्म भरले, कुठल्या फॉर्मात काय चूक सापडली, समोर तिची बारीक सही. एक दिवस चुकला नव्हता. खंडाच्या दिवसांपुढं पण लिहिलं होतं — 'खंड'. काम केलं की नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला असतो?

म्हणाली, "सर, ही तुमीच दाखवा साहेबांना. मी दाखवली तर म्हणतील, घरी बसून आता लिव्हून आणली. तुमच्या शब्दाला मान हाय."

मी वही घेतली. म्हटलं, दाखवतो. खरंच दाखवणार होतो — असं मला वाटतं. ती गेली, आणि मी सहज पानं उलटत त्या दिवसापाशी आलो. तिथं लिहिलं होतं: 'सकाळी १०.४०. मशीन परवानगी देत नव्हतं. शेंडगे सरांनी सगळा कप्पा मोकळा करून दिला. काम सुरू. सरांचे आभार.'

मी ते चार वेळा वाचलं. मग वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि किल्ली फिरवली.

दुपारी साहेबांनी मला परत बोलावलं. तिच्या पुढच्या हंगामी हुकमाचा कागद पुढ्यात होता, सही राहिली होती. त्यांनी पेन हातात धरूनच मला विचारलं. सरळ विचारलं, माणूस म्हणून विचारलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. म्हणाले, "शेंडगे, या बाईनं काम केल्याची कुठं काही नोंद, वही-बिही आहे का? असेल तर मी तिचं नाव वर पाठवतो. माझं काही जात नाही."

मी म्हटलं, "नाही साहेब."

दोन शब्द. कुणी दरडावलं नव्हतं. कुणी गळा धरला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद बाजूला सारला. तिच्या हातात होता तोच तिचा शेवटचा हुकूम ठरला. कायमच्या जागेवर पुढं तीन महिन्यांनी दुसरंच कुणी आलं.

ती मला विचारायला आली तेव्हा मी काय सांगितलं असेल? सांगितलं — दाखवली बाई, पान न्‌ पान दाखवलं, लय भांडलो, पण साहेब ऐकायलाच तयार न्हाईत. हे सांगताना माझा आवाज जड झाला होता. खोटा नाही, खराच जड झाला होता. तिलाच माझी कीव आली असावी. म्हणाली, "जाऊ द्या सर, तुमी तरी काय करनार. तुमी नका जिवाला लावून घेऊ." आणि टेबलावरचा आपला पाण्याचा तांब्या पिशवीत घालून निघून गेली.

त्यानंतर मला बढती मिळाली. भास्करराव वारले. त्या शनिवारी आपण काय पुसलं, हे त्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

चार-पाच वर्षांनी मी पाथरीला गेलो होतो कामानिमित्त. स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. "सर!" म्हणून हाक आली. खंदारेबाई. सोबत नवरा होता. मला पळायला जागा नव्हती. पाथरीत टायपिंगच्या क्लासात शिकवते म्हणाली. पोरं कमी झाली म्हणे, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे आता. तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "हेच ते शेंडगे सर. सगळ्या ऑफिसात एकटे माझ्या बाजूनं हुबे राहिले." तो बिचारा पुढं झाला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि ओढतच टपरीवर घेऊन गेला. मी चहा घेतला. नको म्हणालो नाही.

अर्धा चहा झाल्यावर ती म्हणाली, "सर, एक इचारू का? ती वही हाय का हो ऑफिसात अजून?"

"हाय ना," मी म्हणालो. "फायलीला लावलीय."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "कुनी कधी फाईल उघडली तर दिसंल तरी. मी काम केलतं म्हणून."

मी मान हलवली आणि उरलेला चहा प्यालो. ती वही मी, तिनं दिली त्याच आठवड्यात, घरी नेऊन पान पान करून फाडली होती.